तीन देश, दोन रात्री आणि एक एक्सेल शीट

«ताई, आम्ही दोघं फ्रँकफुर्टला असतो, दोघंही आयटीत. एप्रिलच्या शेवटी एक वीकेंड दोघांनाही मोकळा मिळालाय, शुक्रवारी दुपारनंतर निघू शकतो. मला ट्रेनने कुठेतरी जाऊन फक्त निवांत राहायचंय. उशिरा उठायचं, फिरायचं, खायचं, गप्पा मारायच्या. नवऱ्याने मात्र एक्सेल शीट तयार केलीय: शुक्रवारी रात्री पॅरिस, शनिवारी संध्याकाळी ब्रसेल्स, रविवारी ॲमस्टरडॅम, रात्री घरी. त्याचं म्हणणं असं की दीड-दोन वर्षांत प्रोजेक्ट संपेल, भारतात परत जाऊ, मग हे सगळं कधी बघणार? त्याच्या मित्राने म्हणे एका वीकेंडला तीन देश केले. मी नको म्हटलं की मी आळशी ठरते. मागे असेच धावतपळत प्रागला जाऊन आलो, तर आल्यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. मी खरंच आळशी आहे का? नसेन, तर कुठे जाऊ आणि ह्याला कसं पटवू? मी शाकाहारी आहे, तो सगळं खातो.»
– एक वाचक, फ्रँकफुर्ट

प्रिय मैत्रिणी,

आळशी अजिबात नाहीस. आळशी माणूस घरी लोळतो, तो सल्ला मागायला पत्र लिहीत बसत नाही.

तुझ्या नवऱ्याची शीट मी गाड्यांच्या वेळांशी ताडून पाहिली. फ्रँकफुर्ट ते पॅरिस जवळजवळ चार तास. पॅरिस ते ब्रसेल्स दीड तासाच्या आत, पण तुम्ही उतरणार पॅरिसच्या गार द लेस्ट स्टेशनवर आणि ब्रसेल्सची गाडी सुटणार गार द्यु नॉर या दुसऱ्याच स्टेशनवरून. ब्रसेल्स ते ॲमस्टरडॅम दोन तास धर, तिथून घरी पुन्हा चार. म्हणजे साडेअकरा तास नुसते सीटवर. त्यात बॅग ठेवायला लॉकर शोधणं, दोन हॉटेलांत दोनदा चेक-इन, फलाट बदलला म्हणून धावणं मिळव. शिवाय ही साखळी आहे, एक कडी निसटली की पुढचं सगळं कोसळतं. 2024 मध्ये डॉइचे बानच्या (डीबी, म्हणजे जर्मन रेल्वे) लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर ते उशीर म्हणून मोजतही नाहीत. चार गाड्यांची साखळी या भरवशावर बांधायची असेल तर नवरा आयटीत रिस्क मॅनेजमेंट नेमकी कशी करतो, हे एकदा विचार.

पण त्याचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. परत जायचंय म्हणून बघून घेऊ, ही घाई खोटी नसते. भारतातून टुरिस्ट व्हिसावर आलेलं कुटुंब आठ दिवसांत सहा शहरं करतं, कारण त्यांना पुन्हा येता येईल याची खात्री नसते. त्यांना मी कधी हसत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या खिशात जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड आहे, घर फ्रँकफुर्टला आहे, आणि तिथून सुटणाऱ्या गाड्यांचं जाळं युरोपातल्या फार थोड्या शहरांच्या नशिबी आहे. दीड वर्षात साधारण पंचाहत्तर वीकेंड येतात. त्यातले दहा-बारा जरी बाहेर काढले, तरी ही तिन्ही शहरं नीट बघून होतील. राहता तिथे, आणि फिरता मात्र उद्या विमान पकडायचं असल्यासारखे. प्रागहून आल्यावरचा अबोला मला वाटतं इथूनच आला असावा.

आता कुठे जायचं ते सांगते. स्ट्रासबुर्गला जा.

थेट गाडीने फ्रँकफुर्टहून दोन तासांच्या आत पोचतं. देश बदलतो, भाषा बदलते, जेवण बदलतं, म्हणजे नवऱ्यालाही 'फ्रान्स झालं' अशी खूण करता येईल. आणि शहराचा जुना भाग इल नदीच्या दोन फाट्यांमधलं एक बेट आहे, या टोकाकडून त्या टोकाला चालत अर्ध्या तासात. 1988 पासून हे सगळं बेट युनेस्कोच्या यादीत आहे. निवांत वीकेंडला शहर असंच हवं, जिथे पुढच्या ठिकाणी कसं जायचं हे मोबाइल काढून बघावं लागत नाही.

तिकिटाबद्दल थोडं बारकाईने लिहिते, कारण चुका इथेच होतात. फ्रँकफुर्टहून पॅरिसला जाणाऱ्या सगळ्या गाड्या स्ट्रासबुर्गवरून जात नाहीत. काही कार्ल्सरूहेमार्गे स्ट्रासबुर्गला लागतात, काही सारब्रुकेनमार्गे परस्पर निघून जातात. मार्सेयला जाणारी गाडीही स्ट्रासबुर्गला थांबते. बर्लिन–पॅरिस ही डिसेंबर 2024 पासूनची थेट गाडी फ्रँकफुर्टला मुख्य स्टेशनवर न येता झ्युडला, म्हणजे दक्षिणेच्या स्टेशनवर, थांबते, तेव्हा तिकिटावरचं स्टेशन वाचून घर सोडा. भाव डीबीच्या ॲपवर आणि फ्रेंच रेल्वेच्या एसएनसीएफ कनेक्टवर, दोन्हीकडे बघायचा, त्याच गाडीचा भाव कधीकधी वेगळा निघतो. शुक्रवारी दुपारी चार-पाचच्या गाड्या सगळ्यांत महाग, सगळं ऑफिस त्याच वेळी सुटतं. थेट गाडी महाग पडली तर ऑफेनबुर्गला बदला. तिथून लोकल गाडी अर्ध्या तासात राइन ओलांडून स्ट्रासबुर्गला नेते.

आणि एक युक्ती, जी तुझ्या नवऱ्याला नक्की आवडेल. तुमच्याकडे डॉइचलँडटिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास, असेल तर लोकल गाड्या बदलत केलपर्यंत जादा पैसे न देता येता येतं. केल म्हणजे राइनच्या जर्मन काठावरचं गाव. तिथून स्ट्रासबुर्गची डी ट्राम 2017 पासून पूल ओलांडून थेट शहरात जाते, तिचं तेवढं तिकीट काढायचं. वेळ दुप्पट लागतो, म्हणून पहिली निवड ही नको. पण परतीच्या वाटेवर काही बिघडलंच तर हा हुकमी पत्ता हाताशी राहतो. गाडी तासाभराहून जास्त उशिरा पोचली तर भाड्याचे 25 टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर 50 टक्के परत मागता येतात. तिकीट जिथून काढलं तिथेच अर्ज करायचा.

पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही अंगावर ठेवा, फोटो चालत नाही. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलीय, पोलीस गाडीत चढतात, ट्राममध्येही चढू शकतात.

सामान प्रत्येकी एक पाठीवरची बॅग. दोन रात्रींना चाकांची बॅग लागत नाही, आणि स्ट्रासबुर्गच्या दगडी गल्ल्यांतून ती ओढत नेली की अख्ख्या गल्लीला तुम्ही आल्याचं कळतं. गाडीत खायला घरून काहीतरी करून घे, पोळीचे रोल, तिखटमिठाच्या पुऱ्या, काय जमेल ते. तिथे कुणी वळून बघत नाही. फक्त सीट शांत डब्यात मिळाली असेल तर सासूबाईंना व्हिडिओ कॉल तेवढा डब्याबाहेर.

हॉटेल बेटावर किंवा स्टेशन आणि बेट यांच्या मधल्या पट्ट्यात बघ. दोन्ही रात्री एकाच ठिकाणी, हे माझ्या बाजूने पक्कं. न्याहारी हॉटेलच्या भाड्यात घेऊ नकोस. ती घेतली की दहाच्या आत उठून खाली जावं लागतं आणि तुझी झोप गेली. कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचं, आत शिरताना आधी 'बोंझूर' म्हणायचं (ते न म्हणता थेट ऑर्डर दिलीस तर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो), आणि कुगेलहोफ मागायचा. मनुका-बदाम घातलेला, नक्षीच्या मातीच्या साच्यात भाजलेला फुगीर गोड पाव. कॉफीबरोबर त्याचे दोन तुकडे झाले की दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पोचाल तेव्हा काहीच ठरवू नका. बॅगा टाकून पेतित फ्रान्सकडे चालत जा. चामडं कमावणारे, कोळी आणि पाणचक्कीवाले यांची ही जुनी वस्ती. लाकडी चौकटींची घरं थेट पाण्याच्या कडेला उभी आहेत, छपरं उंच आणि उघडी ठेवलेली, कारण कमावलेली कातडी वर वाळत घालायची असत. एप्रिलअखेर साडेआठपर्यंत उजेड असतो. पलीकडे व्होबांचा बंधारा आहे, सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. शत्रू आला तर शहराच्या दक्षिणेला पूर आणता यावा म्हणून. त्याच्या गच्चीवर फुकट जाता येतं आणि पूल, बुरूज, कॅथीड्रलचा मनोरा सगळं एका रेषेत दिसतं. लक्षात ठेवा, इथल्या बऱ्याच स्वयंपाकघरांचा ओटा दुपारी दोनला बंद होतो तो संध्याकाळी साडेसहा-सातलाच उघडतो. चारला भूक लागली तर क्रेप किंवा सँडविच, बाकी काही मिळणं कठीण.

तुझ्या जेवणाचं आता. अल्सासचं, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या या प्रांताचं, पोट मांसावर चालतं हे खरं आहे. आंबवलेल्या कोबीच्या शुक्रूतमध्ये सॉसेजचा ढीग असतो, बेकेओफमध्ये तीन प्रकारचं मांस, ते नवऱ्याला खाऊ दे. तुझ्यासाठी फ्लामकुख. पातळ पोळीवर साय, कांदा आणि बेकनचे तुकडे पसरून भट्टीत भाजतात. 'साँ लार्दों' म्हटलंस की बेकनशिवाय मिळतो. मशरूम किंवा चीजवाला मागितलास तरी हे सांगायला विसरू नकोस, मशरूमच्या जोडीला बेकन असतोच असतो. आणि बिबेलेसकेस कुठे दिसलं तर सोडू नकोस: चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात लसूण, कांदा, बारीक चिरलेली पात, सोबत तव्यावर परतलेले बटाटे. मी भाकरी मागायचीच बाकी ठेवली होती. एप्रिलच्या शेवटी पांढऱ्या श्पारगेलचाही (ॲस्पॅरॅगस) हंगाम सुरू झालेला असतो, हॅम वेगळं किंवा नको म्हणून सांगायचं. चीजमधल्या रेनेटबद्दल (दूध गोठवायला वापरतात ते वासराच्या पोटातलं द्रव्य) तू काटेकोर असशील तर मात्र अल्सासमध्ये तुझी पंचाईत होईल. तिथे वेटरला विचारून फारसं काही हाती लागत नाही, सरळ भाज्यांचं काहीतरी मागव.

शनिवारी एकच गोष्ट ठरवून करायची, कॅथीड्रल. तीही सकाळी नऊला नव्हे. उठा, खा, अकरापर्यंत पोचा. व्होज डोंगरातल्या तांबूस वालुकाश्माची ही इमारत 142 मीटर उंच आहे आणि 1647 पासून 1874 पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षं, जगातली सगळ्यांत उंच इमारत होती. मनोरा मात्र एकच, 1439 मध्ये पुरा झालेला. जोडीचा दुसरा कधी बांधलाच नाही. तुमच्या फ्रँकफुर्टचा कवी गटे विशीत इथे कायदा शिकायला आला होता, 1770 मध्ये. त्याला उंचीची भीती वाटायची, ती घालवायला तो पुन्हा पुन्हा या मनोऱ्यावर चढून उभा राहायचा. तुम्हीही चढू शकता. 66 मीटरवरच्या गच्चीपर्यंत सव्वातीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, गोल जिन्याच्या, अरुंद. माझं मत विचारशील तर नवऱ्याला वर पाठव आणि तू खाली चौकात कॉफी घेऊन बस. त्याला चढल्याचं समाधान, तुला अर्धा तास स्वतःचा. जोडीने फिरायचं म्हणजे प्रत्येक पायरी जोडीने चढायची असा काही नियम नाही.

बारापर्यंत मात्र दोघं आत हवेत, खगोलीय घड्याळापाशी. पेटी सोळाव्या शतकातली, आतली सध्याची यंत्रं श्विलगे नावाच्या स्थानिक कारागिराने 1838 ते 1843 या काळात बसवली. ग्रहांच्या जागा, ग्रहणं, ईस्टरची तारीख, सगळं गिअर आणि चाकांवर चालतं. कॉम्प्युटरवाल्या दोघांनी तर हे बघायलाच हवं. साडेबाराला बारा शिष्यांच्या मूर्ती येशूसमोरून जातात आणि वर बसलेला कोंबडा तीनदा आरवतो. बाराऐवजी साडेबाराला का, तर घड्याळ स्ट्रासबुर्गच्या स्वतःच्या सूर्याप्रमाणे चालतं, मध्य युरोपच्या वेळेमागे अर्धा तास. आपल्याकडे मुंबईतही स्वातंत्र्यानंतर काही वर्षं जुन्या वळणाची माणसं 'बॉम्बे टाइम' धरून बसली होती, भारतीय वेळेमागे 39 मिनिटं. या खेळाला वेगळं तिकीट असतं, आदल्या दिवशी वेळ तपासून घ्या.

दुपारी हॉटेलवर जाऊन झोपा. मी गंमत करत नाहीये. प्रवासात दुपारी झोपणं म्हणजे पैसे वाया घालवणं असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय, कारण तेव्हा एसटीने जायचं, धर्मशाळेची खोली एकच, आणि दर्शन सांगितलेल्या वेळी घ्यायचं. इथे खोलीचे पैसे तुम्ही रात्रीइतकेच दुपारचेही भरलेत. साडेचारला उठून बोटीत बसा. तासाभराहून थोडी जास्त फेरी असते, पेतित फ्रान्सच्या झडपांमधून पाणी वर चढवून बोट पुढे नेतात, आणि शेवटी युरोपियन पार्लमेंटच्या काचेच्या इमारतीपर्यंत जाऊन परत येतात. वाटेत नोयश्टाट दिसतो. 1871 मध्ये जर्मनीने अल्सास घेतल्यावर नव्याने बांधलेला रुंद रस्त्यांचा भाग. 1871 ते 1945 या काळात हा मुलूख चारदा इकडून तिकडे गेला. घर न बदलता आजीने देश बदललेले. हे सगळं तुम्हाला बसल्याजागी दिसतं, नवऱ्याच्या यादीतल्या पाच-सहा ओळी आपोआप टिकमार्क होतात, आणि तुझे पाय वाचतात.

रविवारी दुकानं बंद, त्याची तुम्हाला जर्मनीत सवय आहेच. त्यामुळे खरेदीचा प्रश्न सुटला. सकाळी ओरांजेरी बागेत जा. पांढरे करकोचे तिथे झाडांवर आणि खांबांवर भल्यामोठ्या घरट्यांत असतात आणि चोचीवर चोच आपटून ताशासारखा आवाज काढतात. सत्तरच्या दशकात अल्सासमध्ये त्यांच्या जोड्या दहाच्याही खाली गेल्या होत्या. मग पैदास केंद्रं काढून ते परत आणले, आज ते इतके आहेत की बाकावर बसताना वर बघून बसावं.

आता कोलमार. नवरा ते नाव काढणारच, कारण गाडीने फक्त अर्धा तास, आणि इन्स्टाग्रामवर सगळं कोलमारच असतं. माझं उत्तर नाही. सुंदर आहे, पण रविवारी सकाळी धावतपळत कोलमार घातलंस की तुमचा वीकेंड पुन्हा त्या शीटसारखा होतो. ते वेगळ्या वेळी, द्राक्षाच्या हंगामात ठेवा. आणि स्ट्रासबुर्गला पुन्हा यावंसं वाटलं तर नाताळच्या बाजाराच्या दिवसांत तरी येऊ नका. 1570 पासून भरतोय, बघण्यासारखा आहे, पण हॉटेलचे भाव आणि गर्दी दोन्ही वेड लावतात. निवांतपणाला त्या चार आठवड्यांत जागा नसते.

आता सगळ्यांत अवघड भाग, नवरा. शीट डिलीट करायला सांगू नकोस. ज्याला शीट बनवायला आवडतं त्याला काम काढून घेतलं की तो रुसतो, आणि मग बारीकसारीक गोष्टींत चुका काढत बसतो. त्याला गाड्यांची जबाबदारी दे. कुठली गाडी कुठल्या मार्गाने जाते, भाव कधी उतरतो, परतीची चुकली तर पुढची कोणती, केलवरून कसं यायचं, याची खुशाल दहा रकान्यांची शीट करू दे. शहराच्या आत मात्र शीट चालणार नाही, तिथे रोज प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची. त्याने मनोरा निवडला, तू दुपारची झोप. दुसऱ्याच्या निवडीवर शेरा मारायचा नाही, 'मी म्हटलं नव्हतं?' हेही नाही. तुलाही सांगते, 'मला काहीच करायचं नाही' असं त्याला म्हणू नकोस. नियोजन करणाऱ्या माणसाच्या कानांवर ते 'तू ठरवलेलं मला नको' असं पडतं. 'मला घाटावर दोन तास बसायचंय' असं सांग, म्हणजे त्याला ते शीटमध्ये एक ओळ म्हणून लिहिता येतं.

तो मित्राचं उदाहरण देईल तेव्हा भांडू नकोस. त्या मित्राला ब्रसेल्सबद्दल ग्रां प्लास हा चौक आणि वॉफल सोडून काय आठवतं, एवढंच विचारायला सांग.

आणि पॅरिस त्याला हवंच असेल तर द्या, पण एकटं आणि पुरेसं. हेसेनमध्ये, म्हणजे तुमच्या राज्यात, फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारी सुट्टी असते, शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस हातात. त्या गुरुवारी फ्रान्समध्ये सुट्टी नसते, म्हणजे पॅरिसकर आपापल्या ऑफिसात. येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार मात्र टाळा, तो दोन्हीकडे सुट्टीचा आहे. फ्रँकफुर्टची अर्धी आयटी मंडळी हाच हिशेब करत असतात, त्यामुळे भाव लवकर चढतात. हे बुकिंग त्याला आज रात्रीच करायला सांग, स्ट्रासबुर्गच्या आधी. पॅरिसचं तिकीट हातात आलं की एप्रिलबद्दलचा त्याचा सूर निम्मा उतरेल.

स्ट्रासबुर्गहून रविवारची परतीची गाडी चारच्या सुमाराची काढा. शेवटची नको, तिच्यामागे दुसरी नसते. सातच्या आत घरी पोचाल, कुकर लावता येईल, आणि सोमवारी आठच्या मीटिंगला दोघंही जागे असाल.

– तुझी ताई